ओल्या रस्त्यावरचे सहा मीटर: एका टायरबदलाचं प्रकरण

फेब्रुवारी २०२२. रात्रभर पाऊस पडून गेलेली, बोटं आखडवणारी सकाळ. ताई घाट उतरून सपाटीला लागली होती, काटा साठच्या आसपास. पुढचा सिग्नल पिवळा झाला आणि तिने वेळेवर ब्रेक दाबला. पायाखाली धडधड सुरू झाली. गाडी डावी-उजवीकडे गेली नाही, पण थांबेचना. अखेर थांबली तेव्हा पांढरी पट्टी मागच्या दाराखाली होती. आडव्या रस्त्याने त्या क्षणी कोणी येत नव्हतं, म्हणून निभावलं.

तासाभराने तिचा फोन आला. "ब्रेक गेलेत गं गाडीचे. पॅडल नुसतं थरथरतंय. तुझ्याकडे घेऊन येऊ का?"

गाड्यांच्या ताफ्याची देखभाल हे माझं रोजचं काम. ही तक्रार मी पूर्वीही ऐकली आहे आणि बहुतेक वेळा तिचं मूळ ब्रेकमध्ये नसतं. ती थरथर म्हणजे एबीएस. चाक लॉक व्हायला लागलं की ही यंत्रणा सेकंदाला कित्येकदा ब्रेक सोडते आणि पुन्हा धरते. म्हणजे ब्रेकमध्ये जोर भरपूर होता. तो जोर रस्त्यापर्यंत पोचवणारं रबर कमी पडत होतं. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. एकेका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग तळहाताएवढा. सव्वा टनाची गाडी, आतली माणसं आणि सामान, सगळं अशा चार तळहातांवर उभं असतं.

तरीही ब्रेक आधी तपासले. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक होते, डिस्क साफ, ब्रेक ऑइल ठीक. मग मी टायरांजवळ बसले.

टायर काय सांगत होते

गाडी नऊ वर्षांची, मधल्या आकाराची, पुढच्या चाकांवर चालणारी. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं: १९५/६५ आर १५, ९१ एच. १९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२७ मिमी. १५ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भाराचा निर्देशांक, एका टायरला ६१५ किलो. आणि एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतच्या वेगासाठी टायर पास आहे. गाडीवर बसलेले टायर मात्र ९१ टी होते. टी म्हणजे १९०. त्या वेगाने ताई जन्मात गाडी चालवणार नाही, हे खरं. पण वेगाचं हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो आणि त्याची आतली बांधणी किती घट्ट आहे याचाही अंदाज देतं. गाडी बनवणाऱ्याने मागितलेल्याहून हलका टायर बसवला गेला होता आणि बसवताना कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

हे टायर तिने जून २०१९ मध्ये घेतले होते, दुकानात होते त्यांतले सगळ्यात स्वस्त. भिंतीवर डीओटी या अक्षरांपुढे तारखेचे शेवटचे चार आकडे होते २७१७. त्याचा अर्थ २०१७ सालचा सत्ताविसावा आठवडा. म्हणजे गाडीवर चढले तेव्हाच ते जवळपास दोन वर्षांचे होते. नीट, सावलीत, थंड जागी ठेवलेला टायर दोन वर्षांत बिघडतो असं नाही. पण तो कुठे आणि कसा ठेवला होता हे कोणाला माहीत? नक्षीच्या खोबणीच्या तळाशी आता केसासारख्या बारीक भेगा दिसत होत्या.

खोली मोजायच्या पट्टीने नक्षी मोजली. पुढचा डावा: बाहेरून ३.१ मिमी, मध्ये ३.४, आतून २.२. उजवाही थोड्या फरकाने तसाच. मागचे दोन्ही चारच्या आसपास. अनेक देशांत कायद्याने चालणारी किमान खोली १.६ मिमी आहे. खोबणीत आडव्या असलेल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत रबर घासलं की तिथे पोचलो असं समजायचं. त्या हिशेबाने हे टायर अजून "चालणारे" होते.

त्या पट्टीहून जास्त मला शिकवलं ते रबराच्या एका ठोकळ्याने. ताईचे टायर सर्व ऋतूंचे, म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्यात तेच चालवायचे. अशा टायरच्या नक्षीतल्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. अशा चिरांचं पेटंट जॉन साइप यांनी १९२३ साली घेतलं आणि त्यांच्याच नावाने त्या ओळखल्या जातात. ओल्या रस्त्यावरची पाण्याची पातळ साय फोडायचं आणि बर्फावर कडा रोवायचं काम या चिरा करतात. ताईच्या टायरवरून मी अंगठा फिरवला. मागच्या टायरवर चिरांच्या नुसत्या खुणा उरल्या होत्या, नखाने ओरखडल्यासारख्या. पुढच्यावर तेवढंही नाही, ठोकळा सपाट. चिरा मुळातच अर्ध्या खोलीच्या दिल्या होत्या. नक्षी निम्मी झाली आणि चिरा संपल्या. बाहेरून बघणाऱ्याला टायरमध्ये अजून माल दिसतो, पण तो ओल्यात ज्याच्या जोरावर धरतो तो भाग कधीच निघून गेलेला असतो. स्वस्त टायरमधली बचत बहुतेक अशीच असते. नवा असताना ती दिसत नाही, दुकानात तर नाहीच नाही.

भिंतीवर अजून एक ओळ होती, आतले थर किती आणि कशाचे ते सांगणारी: नक्षीखाली १ पॉलिस्टर, २ स्टील. चांगल्या टायरवर त्यापुढे बहुधा "१ नायलॉन" असं असतं. स्टीलच्या पट्ट्यांवर नायलॉनचा पट्टा ताणून बसवलेला असतो. वेगात आणि उष्णतेत टायर फुगू पाहतो तेव्हा तो पट्टा आकार धरून ठेवतो. ही ओळ वाचायला पैसे पडत नाहीत आणि चष्म्यापलीकडे कोणतं साधनही लागत नाही.

खापर कोणावर

सगळा दोष टायरच्या माथी मारला असता तर मी माझ्याच कामाशी खोटं वागले असते. थंड टायरमध्ये हवा मोजली तेव्हा पुढे २७ आणि २८ पीएसआय निघाली, हवी होती ३३. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआय उतरतो. उन्हाळ्याच्या शेवटी भरलेली हवा थंडीत कमी झाली होती आणि मध्ये कोणी पाहिलं नव्हतं. हवा कमी असलेला टायर पाणी नीट बाजूला सारत नाही, कमी वेगातच पाण्यावर तरंगायला लागतो. शिवाय आतल्या बाजूची झीज सरळ सांगत होती की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलंय.

म्हणून आधी हवा बरोबर केली, अलाइनमेंट करून घेतलं आणि त्यानंतरच टायर तपासले. माझ्या ओळखीच्या एका बंद आवारात लांब, रिकामा, ओला डांबरी पट्टा होता. खडूने रेघ मारली. ५० च्या वेगाने यायचं, रेघेवर पूर्ण ब्रेक. तीन वेळा. पुढचं चाक थांबलं तिथपर्यंत मी पावलं मोजली. तिन्ही वेळा २४ च्या आगेमागे. माझं पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे १८ मीटर. प्रयोगशाळेची मोजणी नव्हे ती. पण जागा तीच, गाडी तीच, पाय ताईचाच, एवढं पक्कं होतं. त्या आकड्याचा पुढे उपयोग झाला.

स्वस्त आणि चांगला यांत नक्की काय वेगळं

दोन्ही काळे, दोन्ही गोल, नक्षीही मिळतीजुळती. "टायर म्हणजे शेवटी रबरच ना," हे भाऊजींचं वाक्य. त्याला उत्तर द्यायचं तर रबरातच शिरावं लागतं.

टायर बनवणाऱ्यापुढे तीन मागण्या एकमेकींच्या पायात पाय घालून उभ्या असतात: ओल्यात पकड, कमी इंधन आणि जास्त आयुष्य. रबर मऊ केलं तर पकड वाढते, पण ते लवकर झिजतं. कडक केलं तर टिकतं, पण ओल्यात घसरतं. एक कोपरा ओढला की दुसरा सैल पडतो. काजळीसारख्या कार्बनऐवजी सिलिका घालून रबर बनवलं तर यातली कोंडी बरीच सुटते, हे मिशेलिनने १९९२ मध्ये बाजारात आणलेल्या टायरने दाखवून दिलं. गाडी चालताना टायर सेकंदाला थोडेच वेळा दबतो आणि सुटतो. ब्रेक दाबल्यावर मात्र रबर डांबराच्या खडबडीत कणांवरून घसटत सेकंदाला हजारो वेळा थरथरतं. सिलिकाचं चांगलं मिश्रण पहिल्या हालचालीत ऊर्जा कमी खातं आणि दुसऱ्या हालचालीत भरपूर खातं. इंधन वाचतं आणि ओल्यात पकडही मिळते. पण सिलिका रबरात आपणहून मिसळत नाही. त्यासाठी सिलेन नावाचं जोडरसायन घालावं लागतं आणि ठराविक उष्णतेत, नीट वेळ देऊन मळावं लागतं. पैसे वाचवायचे झाले तर कात्री इथेच लागते.

दुसरी गोष्ट तापमान. उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, असं या धंद्यात ढोबळमानाने धरतात. हिवाळी टायर थंडीत मऊ राहतो, पण कडक उन्हात लवकर झिजतो आणि वळणावर गाडी लवलवते. सर्व ऋतूंचा टायर या दोघांच्या मधला. १९७७ मध्ये गुडइयरने टिएम्पो आणला तेव्हापासून ही जात रुळली. तडजोड आहेच, पण ती कोणी, किती मेहनतीने केली यावर सगळं अवलंबून आहे. दोन टोकांना जोडणारं मिश्रण बनवणं हे एकाच ऋतूसाठी टायर बनवण्याहून अवघड काम आहे. म्हणून स्वस्त आणि महाग यांतलं अंतर मला याच प्रकारात सर्वांत मोठं वाटतं. स्वस्तातला साधा उन्हाळी टायर निदान उन्हाळ्यात तरी बरा वागतो. स्वस्तातला "सर्व ऋतू" कुठल्याच ऋतूत धड वागत नाही असं कित्येकदा होतं.

"पण यावर एम+एस लिहिलंय की," ताई म्हणाली.

एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ. हे चिन्ह नक्षीची रचना पाहून दिलं जातं. त्यासाठी टायर बर्फावर चालवून दाखवावा लागत नाही. बर्फावरच्या चाचणीत पास झालेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं वेगळं चिन्ह असतं. ते १९९९ पासून वापरात आहे. तेही घट्ट बसलेल्या हिमावरच्या ओढीबद्दल किंवा थांबण्याबद्दल सांगतं. काचेसारख्या गोठलेल्या बर्फाची हमी त्यात नाही. ताईच्या जुन्या टायरवर पहिलं चिन्ह होतं, दुसरं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

ताईचं वर्षाचं रनिंग साडेदहा हजार किमीच्या आसपास. रोजच्या वाटेत घाट, पावसाचे बरेच दिवस, हिवाळ्यात पहाटे तापमान शून्याजवळ, वर्षातून मोजके दिवस बर्फ, उन्हाळ्यात डांबर मऊ पडेल असं ऊन.

दोन संच ठेवायचे, उन्हाळी वेगळा आणि हिवाळी वेगळा, हा विचार आधी केला. कामगिरीच्या दृष्टीने तो सर्वांत चांगला. पण बर्फाचे मोजके दिवस ताई घरून काम करू शकते, आणि वर्षातून दोनदा बदलणं, दुसरा संच साठवणं तिच्याकडून होणार नाही हे तिने स्वतःच सांगितलं. जिथे दोन-दोन महिने रस्त्यावरचा बर्फ हलत नाही, तिथल्या माणसाला मी हिवाळी टायर सोडून दुसरं काही सुचवलं नसतं.

भाऊजींची सूचना होती की पुढचेच दोन चांगले घ्यावेत, कारण गाडी पुढून ओढते. पटण्यासारखं वाटतं, पण उलटं आहे. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे बसवायचे. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते. पाय उचलला की चालक बहुधा सावरतो. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि ते सावरणं सरावाच्या माणसालाही जमेलच असं नाही. पुढे चांगले टायर आणि मागे गुळगुळीत, यासारखी फसवी जोडी नाही. स्टिअरिंगला सगळं छान लागतं आणि मागचं टोक न सांगता निसटतं. इथे तर चारही बदलायला झाले होते, त्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटला.

राहिले तीन. पुन्हा तसाच स्वस्त संच, नामांकित कंपनीचा वरचा टायर, किंवा मधला. मधला म्हणजे मोठ्या कंपन्यांचीच दुसऱ्या फळीतली नावं: मिशेलिनचा क्लेबर, कॉन्टिनेंटलचे सेम्परिट आणि बारुम, हँकूकचा लाउफेन. ही फळी लोक विसरतात. "महागडा नाहीतर फालतू" अशी दोनच दुकानं डोक्यात धरतात आणि मग खिशाकडे बघून फालतूकडे वळतात.

भाऊजींचा आक्षेप साधा होता. "गाडी नऊ वर्षांची. अजून किती ठेवणार? दीडपटीहून जास्त पैसे टायरमध्ये घालून काय मिळणार?"

मी कागद घेतला. ८० च्या वेगाने दोन गाड्या शेजारी-शेजारी, ओला रस्ता, एकाच क्षणी ब्रेक. एकीचे टायर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग उतरवतात, दुसरीचे ६ ने. ऐकायला फरक केवढासा. वेगाचा वर्ग भागिले त्या दराची दुप्पट, हे शाळेतलं सूत्र. पहिली ३५ मीटरांत थांबते, दुसरीला ४१ लागतात. "सहाच मीटर," भाऊजी म्हणाले. मग मी पुढची ओळ केली: पहिली गाडी जिथे उभी राहिली, त्या जागेवरून दुसरी जाते तेव्हा तिचा वेग अजून किती असतो? ताशी ३०. शेवटच्या त्या सहा मीटरांत गाडी थांबत आलेली नसते, चांगली धावत असते. तिथे दुसऱ्या गाडीचं मागचं अंग असेल, किंवा रस्ता ओलांडणारं मूल असेल, तर ते ताशी ३० ने आदळणं असतं.

भाऊजींनी कागद स्वतःकडे ओढला आणि आकडेमोड पुन्हा करून पाहिली. त्यानंतर ते पैशांबद्दल बोलले, पण "कशाला" असं बोलले नाहीत, "कोणता" असं बोलले.

दुकानात

दुकानदाराने आधी स्वस्तच पुढे केला आणि त्याचा मुद्दा सर्वस्वी चुकीचा नव्हता. "ताई, तुमचं रनिंग कमी. चांगला टायर झिजायच्या आधी म्हातारा होईल." वर्षाला दोन-तीन हजार किमी चालणाऱ्या गाडीला हे लागू पडतं. रबर चाललं नाही तरी वयाने कडक होतं. काही गाडी बनवणारे सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. दहा वर्षांनंतर तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी ठेवू नये, असा मिशेलिनसारख्या कंपन्यांचा सल्ला आहे. पण साडेदहा हजाराच्या रनिंगला चार-साडेचार वर्षांत टायर झिजतो, म्हातारा व्हायची वेळ येत नाही. आणि कमी चालणाऱ्या गाडीलासुद्धा मी मधल्या फळीतला टायर सुचवेन. गाडी कमी चालते म्हणून सिग्नल लवकर सुटत नाही.

लेबल वाचली. युरोपीय लेबल मे २०२१ पासून नवं आहे. इंधन आणि ओली पकड यांना ए ते ई अशा श्रेणी, आवाज डेसिबलमध्ये, आणि बर्फाची चाचणी पास असेल तर हिमकणाचं चिन्ह. स्वस्त टायरला इंधनात सी, ओल्या पकडीत डी. आम्ही बघत होतो त्याला इंधनात सी आणि ओल्या पकडीत बी. इंधनात दोन्ही सारखे! भाऊजींना ही गोष्ट स्वस्ताच्या बाजूची वाटली. मला ती त्याच्या विरोधातली वाटली. इंधन वाचवणारं आणि टिकाऊ रबर कडक करून स्वस्तात बनवता येतं, आणि त्याची भरपाई नेमकी कुठे केली ते पुढच्याच अक्षरात दिसत होतं.

अमेरिकी पद्धतीचे आकडेही भिंतीवर होते. स्वस्त टायरवर ट्रेडवेअर, म्हणजे झिजेचा आकडा, ४२०, आमच्या पसंतीच्या टायरवर तेवढाच. हा आकडा म्हणजे आयुष्याची हमी समजू नये. ठरावीक मार्गावर ११,५०० किमीच्या आसपास टायर चालवून, नमुन्याच्या टायरशी तुलना करून कंपनी तो स्वतः ठरवते. एका कंपनीचा ४२० दुसरीच्या ४२० शी जुळेलच असं नाही. त्याच ओळीतल्या ट्रॅक्शनच्या अक्षराकडे लोक बघत नाहीत. ते ओल्या पट्ट्यावर सरळ रेषेतल्या ब्रेकबद्दल असतं. इथे स्वस्ताला बी आणि आमच्या पसंतीच्याला ए होता.

लेबलाला मर्यादा आहेत. चाचणी नव्या टायरची. कोरड्यातलं थांबणं, वळणावर पाण्यात तरंगणं, झीज, यांतलं काही त्यात नाही. त्यासाठी जर्मनीतल्या एडीएसीसारख्या वाहनचालकांच्या संस्था दरवर्षी टायर विकत आणून चाचण्या करतात, त्या वाचाव्यात. आम्ही निवडलेला टायर दुसऱ्या फळीतला होता. हिमकणाचं चिन्ह, ९१ एच, नक्षीखाली नायलॉनचा पट्टा, आणि चिरा जवळजवळ खोबणीच्या तळापर्यंत गेलेल्या. ताईने दुकानातच ठोकळा दोन बोटांत धरून वाकवला. चिर उघडली आणि आतली भिंत सरळ नव्हती, नागमोडी होती. ब्रेक दाबल्यावर ठोकळे कलंडतात तेव्हा या नागमोडी भिंती एकमेकींत अडकून आधार देतात. वरच्या फळीतला घेतला असता तर ओल्यात आणखी थोडा फायदा झाला असता. घरच्या हिशेबात ते बसत नव्हतं आणि मी आग्रह धरला नाही.

तारखेचा आकडा मी टायर चढवायच्या आधी वाचला. चारही पाच महिन्यांच्या आतले होते. नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, पुन्हा अलाइनमेंट. शंभर किमी झाल्यावर नट पुन्हा पान्याने तपासले. पहिले काही शे किमी जपून चालवायला सांगितलं, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला थर निघून जाईपर्यंत नवा टायर थोडा निसरडा असतो.

नंतर काय झालं

महिन्याभराने त्याच ओल्या पट्ट्यावर, त्याच रेघेवर, त्याच वेगाने ब्रेक. १९ पावलं. सव्वाचौदा मीटर. तिसऱ्या वेळी ताई गाडीतून उतरून स्वतः मागे चालत गेली, जुन्या खुणेपर्यंत, आणि दोन्ही खुणांच्या मध्ये थोडा वेळ उभी राहिली.

ही तुलना पुरती न्याय्य नाही. झिजलेला स्वस्त टायर आणि नवा चांगला टायर यांची ती तुलना आहे, त्यातला बराच फरक नक्षीच्या खोलीचा असणार. म्हणून मार्च २०२४ मध्ये, २२,००० किमी झाल्यावर पुन्हा मोजलं. नक्षी आठवरून पुढे ५.६ आणि मागे ६.१ मिमीवर आली होती. पावलं २०. जुना संच तीन मिमीला पोचला होता तिथे हा अजून पोचलेला नाही, त्यामुळे खरा सामना बाकीच आहे. पण चिरा अजून जिवंत आहेत आणि निम्मं आयुष्य संपत आलं तरी एका पावलापलीकडे घसरण नाही. स्वस्त टायर या टप्प्यावर कुठे होता हे मोजलेलं नाही, याची मला खंत आहे.

पैशांचं गणित भाऊजींनी मांडलं. नवा संच जुन्याच्या १.६ पट महाग. जुना २८,००० किमीला टाकावा लागला. नवा याच दराने झिजला तर ३ मिमीला येईपर्यंत ४५,००० च्या आसपास जाईल. ४५ भागिले २८, तेही १.६. किलोमीटरमागे खर्च बरोबरीत सुटला. जुन्याच्या झिजेत बिघडलेल्या अलाइनमेंटचा वाटा होता, हे मी त्यांना आठवून दिलं. तो वजा केला तर स्वस्ताची बाजू थोडी वर येते. दुसरीकडे, नव्या संचाची हवा दर महिन्याला तपासली जाते आणि दर दहा हजारांना चाकांची अदलाबदल होते. टायर चांगला म्हणून तो जास्त टिकला की चांगला घेतल्यामुळे त्याची काळजी घेतली गेली, हे मला वेगळं काढता येत नाही. काही असो, जी जास्तीची पकड मिळाली तिच्यासाठी किलोमीटरमागे फार काही मोजावं लागलं नाही, एवढं कागदावर दिसतं.

एक गोष्ट माझ्या अंदाजाबाहेर गेली. घाटातल्या उन्हाळी दुपारी स्टिअरिंग आधीपेक्षा किंचित मऊ लागतं, अशी ताईची तक्रार आहे आणि ती खरी आहे. चिरांनी भरलेले ठोकळे तापलेल्या डांबरावर लवतात. सर्व ऋतूंच्या टायरची ही किंमत आहे, घेताना मी तिला ती पुरेशी स्पष्ट सांगायला हवी होती.

नक्षी ४ मिमीच्या खाली गेली की हिमकणाच्या चिन्हाचा व्यवहारात फारसा उपयोग उरत नाही, म्हणून तिच्या टायरांना खऱ्या अर्थाने अजून दोनच हिवाळे धरले आहेत. खोली मोजायची पट्टी आता डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. परवा तिचा मेसेज आला. आधी काही लिहिलं नव्हतं, नुसते आकडे: पुढचा डावा, बाहेरून ५.४, मध्ये ५.५, आतून ५.४. आणि खाली: "आतून पण सारखंच आहे गं. हवा ३३."